स्टेज चार की तीन? अन्ननलिकेचा कॅन्सर आणि मानेतली सात मिलिमीटरची गाठ

वय ६१, सोलापूर जिल्ह्यातल्या शेतमजूर बाई. चार महिन्यांपासून घास अडकतो. आधी भाकरी अडकायची म्हणून आमटीत कुस्करून खायला लागल्या. मग तेही जाईना, तेव्हा मऊ भात. दवाखान्यात आल्या तेव्हा पेज आणि दूध एवढंच उतरत होतं. वजन ५२ किलोवरून ४३ वर आलेलं. पहिले दोन महिने गावात ॲसिडिटीच्या गोळ्यांवर गेले होते.

आधीच सांगून ठेवतो, ही कुणी एकच बाई नाही. आमच्याकडे येणाऱ्या अशा रुग्णांमध्ये जे वारंवार दिसतं ते एकत्र करून हे प्रकरण बांधलं आहे. मोजमापं मात्र प्रत्यक्ष तपासणीत येतात त्याच धर्तीची आहेत.

"तंबाखू खाता का?" या प्रश्नाला त्यांनी "नाही" म्हणून सांगितलं होतं आणि केसपेपरवर तसंच लिहिलं गेलं. मशेरी मात्र लग्नाच्या आधीपासून, दिवसातून चार-पाच वेळा. भाजलेल्या तंबाखूची ही पूड हिरड्यांवर चोळून तोंडात ठेवली जाते, लाळेबरोबर गिळलीही जाते. महाराष्ट्रातल्या खेड्यांत अनेक बायकांना ते व्यसन वाटतच नाही, दात घासण्याचा भाग वाटतो. त्यामुळे प्रश्न थेट विचारावा लागतो: "मावशी, मशेरी लावता का?"

तालुक्याला काढलेल्या बेरियमच्या एक्स-रेमध्ये छातीच्या मध्यावर अन्ननलिका अचानक अरुंद झालेली, कडा खडबडीत. दुर्बिणीच्या तपासणीत पुढच्या दातांपासून २७ सेंटिमीटरवर गाठ सुरू झाली आणि तिथून दुर्बीण पुढे जाईना. तुकड्याचा रिपोर्ट आला स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे अस्तरातल्या चपट्या पेशींचा कॅन्सर. पाश्चात्त्य देशांत आता अन्ननलिकेच्या खालच्या टोकाचा ॲडिनोकार्सिनोमा, म्हणजे ग्रंथीपेशींचा कॅन्सर, जास्त दिसतो. आपल्याकडे अजूनही बहुतांशी स्क्वॅमसच, आणि त्यामागे तंबाखू.

निदान झालं होतं. मुलाचा पहिला प्रश्न अर्थातच, "डॉक्टर, कितवी स्टेज आहे?"

स्टेज ठरते कशावर

तीन गोष्टी पाहायच्या असतात. गाठ भिंतीत किती खोल गेली ते 'टी', जवळच्या किती लसिकाग्रंथींत (लिंफ नोड) पोचली ते 'एन', आणि दूर कुठे गेली का ते 'एम'. या टीएनएम वर्गीकरणाची इथे वापरलेली आठवी आवृत्ती २०१७ सालची. त्यात टी१ म्हणजे गाठ आतल्या अस्तरात किंवा त्याखालच्या थरात, टी२ म्हणजे स्नायूंच्या थरात, टी३ म्हणजे स्नायू ओलांडून बाहेरच्या सैल आवरणात. टी४ झालं की शेजारी सापडले. त्यातही फुप्फुसाचं किंवा हृदयाचं आवरण, छाती-पोटामधला पडदा यांत घुसली तर टी४ए, म्हणजे अजून काढता येण्याजोगी. महाधमनी, मणका किंवा श्वासनलिका धरली तर टी४बी, तिथे सर्जन हात लावत नाही.

अन्ननलिकेच्या रचनेत दोन गोष्टी रुग्णाच्या विरोधात जातात. पोटातल्या आतड्याला बाहेरून जो गुळगुळीत पडदा असतो तो छातीतल्या अन्ननलिकेला नसतो, त्यामुळे गाठ स्नायू ओलांडून बाहेर आली की थेट शेजाऱ्यांना भिडते. शिवाय अस्तराखालच्या थरात लसिकावाहिन्यांचं जाळं उभं, लांबीच्या दिशेने पसरलेलं असतं. म्हणून छातीच्या मध्यावरची गाठ जवळच्या ग्रंथी सोडून एकदम मानेत किंवा जठराजवळ प्रकट होऊ शकते. मानेपासून बेंबीपर्यंत सगळं बघितल्याशिवाय या कॅन्सरची स्टेज सांगता येत नाही.

सीटी: महाधमनी धरली आहे का?

छाती आणि पोटाचा सीटी काढला. शिरेतून औषध दिल्यावर छातीचे फोटो साधारण ३५ ते ४० सेकंदांनी घेतले, कारण त्या वेळी गाठ भिंतीपासून उठून दिसते. यकृतासाठी ७० सेकंदांच्या आसपासचे वेगळे घेतले.

फुगलेल्या निरोगी अन्ननलिकेची भिंत ३ मिलिमीटरच्या आत असते, ५ च्या वर गेली की शंका घ्यायची. इथे ती १६ मिलिमीटर होती आणि गाठीची लांबी साधारण साडेपाच सेंटिमीटर. बाहेरची कड धूसर, भोवतालच्या चरबीत धागे ओढल्यासारखे दिसत होते. म्हणजे किमान टी३. यकृत, फुप्फुसं, अधिवृक्क ग्रंथी स्वच्छ.

खरा प्रश्न महाधमनीचा होता. १९८३ साली पिकस आणि सहकाऱ्यांनी मांडलेला कोनाचा नियम रेडिओलॉजीत अजून वापरतात. गाठ महाधमनीच्या परिघाला ४५ अंशांपेक्षा कमी चिकटली असेल तर ती घुसलेली नसते, ९० अंशांच्या वर गेली तर घुसल्याचा संशय बळावतो, मधलं सगळं अनिश्चित. आमचा कोन ६० अंशांच्या आसपास होता, म्हणजे नेमका मधल्या पट्ट्यात.

इथे रुग्णाची प्रकृती तपासणीत आडवी येते. शेजारी अवयव वेगळे आहेत हे सीटीवर आपल्याला दिसतं ते त्यांच्यामधल्या चरबीच्या पातळ काळ्या रेषेमुळे. नऊ किलो वजन घटलेल्या बाईच्या छातीत ती चरबीच उरलेली नसते. रेषा दिसत नाही म्हणून 'गाठ घुसली आहे' असं लिहून टाकणं सोपं आहे, पण ते उपासमारीचं चिन्ह असू शकतं, कॅन्सरचं नव्हे. मी एकेक छेद खाली-वर करत अन्ननलिका, महाधमनी आणि मणका यांच्यामधला चरबीचा छोटा त्रिकोण शोधत होतो. वरच्या छेदांत होता, खालच्या छेदांत होता, मधल्या थोड्या छेदांत दबलेला. मग त्यांना पालथं झोपवून तेवढ्याच भागाचे मोजके छेद पुन्हा घेतले. पालथं झाल्यावर अन्ननलिका वजनाने पुढे सरकते. महाधमनीला चिकटलेली नसेल तर मध्ये फट पडते. पडली. बारीकशी, पण स्पष्ट. महाधमनी मोकळी होती.

दुसरा शेजारी डावी श्वासवाहिनी. गाठीची वरची कड जिथे ती अन्ननलिकेला ओलांडते तिथेच येत होती, आणि श्वासवाहिनीची मागची पातळ भिंत किंचित आत दबलेली वाटत होती. सीटीवर याचा निकाल लागत नाही. श्वासनलिकेत दुर्बीण घालून आतून बघावंच लागतं. ते पुढे येईलच.

एंडोस्कोपिक अल्ट्रासाऊंड, म्हणजे दुर्बिणीच्या टोकावर सोनोग्राफी, भिंतीचे पाच थर वेगळे दाखवते. टी१ आणि टी२ यांत फरक करायचा तर तिच्याइतकी चांगली तपासणी दुसरी नाही. पण इथे साधी दुर्बीणच पुढे जात नव्हती. रस्ता फुगवून रुंद करता येतो, मात्र त्यात अन्ननलिका फाटण्याची भीती असते. आणि मिळवायचं काय होतं? ज्या गाठीतून दुर्बीण जात नाही ती बहुतेक वेळा टी३ किंवा त्यापुढचीच असते. आम्ही ती तपासणी केली नाही, आणि मला तो निर्णय योग्यच वाटतो.

पेटचा रिपोर्ट: स्टेज चार-बी

पेट स्कॅनमध्ये किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेली ग्लुकोजसारखी साखर शिरेतून देतात. भुकेल्या पेशी ती जास्त ओढतात आणि कॅमेऱ्यावर उजळतात. त्या फ्लोरिनचं अर्धायुष्य ११० मिनिटं, म्हणजे सायक्लोट्रॉनवरून (ते तयार करणाऱ्या यंत्रावरून) निघालेली कुपी दोन तासांच्या प्रवासात निम्म्याहून खाली येते. २००२ साली परळला देशातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन सुरू झाला, तेव्हा ही तपासणी मुंबईबाहेरच्या माणसाच्या कल्पनेतही नव्हती. आता ती जिल्ह्याच्या शहरांपर्यंत पोचली आहे. हे फार चांगलं झालं. पण रिपोर्ट वाचणाऱ्याची जबाबदारीही तितकीच वाढली आहे.

उपाशीपोटी, रक्तातली साखर तपासून, औषध दिल्यावर तासभर शांत झोपवून स्कॅन झाला. मूळ गाठ जोरात उजळली, तिचं एसयूव्ही (साखर किती ओढली याचा आकडा) १६.२. तिला लागून ९ मिलिमीटरची एक ग्रंथी, एसयूव्ही ५. इथवर अपेक्षितच होतं. पण त्याशिवाय श्वासनलिकेच्या उजव्या बाजूला, ती दुभंगते त्याच्या खाली आणि दोन्ही फुप्फुसांच्या मुळाशी मिळून अनेक ग्रंथी ६ ते ८ च्या एसयूव्हीने पेटलेल्या. आणि मानेत, डाव्या गळपट्टीच्या हाडामागे, ७ मिलिमीटरची एक ग्रंथी, एसयूव्ही ४.

हातात आलेल्या रिपोर्टचा शेवट असा होता: छातीतल्या अनेक ग्रंथींत आणि डाव्या मानेत पसरलेला कॅन्सर, स्टेज चार-बी.

या एका ओळीने काय होतं ते सांगायला हवं. गळपट्टीमागची ग्रंथी या वर्गीकरणात दूरची धरली जाते, म्हणजे एम१. एम१ म्हटलं की ऑपरेशन बाद. मग अन्ननलिकेत जाळीची नळी बसवायची, थोडा शेक (रेडिएशन) द्यायचा, जेवण जाईल एवढं बघायचं आणि घरी पाठवायचं. समजा ती मानेतली ग्रंथी सोडून दिली, तरी छातीतल्या सगळ्या मोजल्या तर आकडा सातच्या वर जातो, म्हणजे एन३, म्हणजे स्टेज चार-ए. दोन्ही वाटा एकाच ठिकाणी जात होत्या.

मला मात्र त्या ग्रंथींचा आकृतिबंध खटकत होता. दोन्ही फुप्फुसांच्या मुळाशी, जवळपास सारख्या, समोरासमोर. कॅन्सर अन्ननलिकेतून पसरताना असा समतोल ठेवत नाही. औषधाविना काढलेल्या सीटीवर त्यांतल्या दोन ग्रंथींत चुन्याचे कण होते आणि औषध दिल्यावरच्या सीटीवर मानेतल्या ग्रंथीचा मध्यभाग गडद होता, कडा उजळ. तपासणीच्या चिठ्ठीवर फक्त 'अन्ननलिकेचा कॅन्सर, स्टेजिंग' एवढंच लिहिलेलं. म्हणून मुलाला फोन लावला.

"तुमच्या घरात कुणाला टीबी झाला होता का?"

"वडिलांना झालता. सहा वर्षं झाली. औषधं पुरी केली त्यांनी."

"आईची तपासणी झाली होती तेव्हा?"

"नाय. आईला काय होत नव्हतं ना."

टीबीच्या ग्रंथींतल्या पेशीही साखर भरपूर ओढतात. त्यांचं आणि कॅन्सरचं एसयूव्ही इतकं एकमेकांत मिसळतं की अमुक आकड्याच्या वर कॅन्सर आणि खाली टीबी अशी रेघ ओढता येत नाही. आपल्या देशात पेट वाचताना हे पहिल्या दिवसापासून मनात हवं. मात्र उलट्या बाजूची चूकही तेवढीच घातक आहे. 'आपल्याकडे काय, टीबीच असणार' म्हणून खऱ्या पसरलेल्या कॅन्सरकडे काणाडोळा केला तर रुग्णाला उगाच मोठ्या ऑपरेशनला सामोरं जावं लागतं. फोटोवरून संशय घेता येतो, निकाल देता येत नाही.

सुईचा निकाल

मानेतल्या ग्रंथीत सोनोग्राफीखाली सुई घातली. सात मिलिमीटरची ग्रंथी हाताला लागत नाही, पण प्रोबखाली स्वच्छ दिसते. शेजारी मोठी शीर आणि धमनी असल्याने सुईचं टोक सतत पडद्यावर ठेवावं लागतं. काचपट्ट्या पॅथॉलॉजीला गेल्या आणि उरलेला नमुना सीबीनॅटला, म्हणजे टीबीच्या जंतूची जनुकं शोधणाऱ्या चाचणीला. हे दुसरं पाठवायचं अनेकदा राहून जातं. एकदा सगळा नमुना काचेवर पसरून फॉर्मॅलिनमध्ये गेला की जंतू शोधणं अवघड होऊन बसतं.

दोन दिवसांनी श्वासनलिकेची दुर्बीण. डाव्या श्वासवाहिनीची मागची भिंत बाहेरून जराशी दाबलेली होती, पण आतलं अस्तर गुळगुळीत, गुलाबी. टी४बी नाही. त्याच बैठकीत दुर्बिणीच्या टोकावरच्या सोनोग्राफीतून श्वासनलिकेशेजारच्या आणि दुभाजकाखालच्या ग्रंथींत सुया घातल्या. हा रस्ता निवडण्याचं कारण साधं आहे: सुई कॅन्सरच्या गाठीतून जात नाही, त्यामुळे वाटेतल्या पेशी नमुन्यात मिसळून खोटा 'पॉझिटिव्ह' येण्याचा धोका राहत नाही. गाठीला लागून असलेल्या ९ मिलिमीटरच्या ग्रंथीला मात्र याच कारणाने हात लावला नाही. तिथे पोचायचं तर गाठीतूनच जावं लागलं असतं. ती कॅन्सरची आहे असंच आम्ही धरलं.

मानेतल्या नमुन्यात टीबीत दिसतात तशा ग्रॅन्युलोमा (दाहाच्या पेशींचे पुंजके) आणि मृत भाग सापडला. कॅन्सरच्या पेशी नाहीत. सीबीनॅटमध्ये टीबीचा जंतू सापडला, रिफाम्पिसिनला दाद देणारा. छातीतल्या ग्रंथींतही ग्रॅन्युलोमा, कॅन्सर नाही, आणि नमुन्यात लसिकाग्रंथीत असणाऱ्या लिंफोसाइट पेशी पुरेशा होत्या, म्हणजे सुई खरोखर ग्रंथीतच गेली होती. 'कॅन्सर नाही' या वाक्याला वजन येतं ते या तपशिलामुळे. रिकामा नमुनाही निगेटिव्हच दिसतो.

ट्यूमर बोर्डाच्या, म्हणजे कॅन्सरच्या सगळ्या तज्ज्ञांच्या, बैठकीत स्टेज लिहिली गेली टी३ एन१ एम०. स्क्वॅमस कॅन्सरसाठी याचा अर्थ स्टेज तीन, म्हणजे बरं करण्याच्या उद्देशाने उपचार. सोबत सक्रिय टीबी.

दोन आजारांचा एकत्र उपचार

पुढचं वेळापत्रक टीबीने ठरवलं. आधी टीबीची औषधं सुरू करून काही आठवडे थांबायचं, यकृताच्या चाचण्या बघायच्या, मगच केमो. रिफाम्पिसिन यकृतातली विकरं वाढवतं आणि पॅक्लिटॅक्सेलसारखी औषधं शरीरातून लवकर जाऊ शकतात, म्हणून छातीरोगतज्ज्ञ आणि केमोचे डॉक्टर यांना एकत्र बसावं लागलं. थांबण्याच्या त्या काळात वजन आणखी घटून चालणार नव्हतं. दुर्बिणीतून बारीक तार पुढे सरकवून नाकातून नळी टाकली. पोटाला भोक पाडून थेट जठरात नळी बसवणं मुद्दाम टाळलं, कारण पुढे अन्ननलिका काढल्यावर त्याच जठराची नवी नळी करायची असते. नळीतून नाचणीची पेज, दूध, अंड्याचा पांढरा भाग. सुनेने दर दोन तासांनी घड्याळ लावून दिलं. तीन आठवड्यांत वजन दोन किलोंनी वर आलं. सगळ्या उपचारातला हा भाग कुठल्याही फिल्मवर दिसत नाही, पण त्याशिवाय पुढचं काहीही झेपलं नसतं.

मग नेदरलँड्समधल्या क्रॉस चाचणीच्या पद्धतीने उपचार: आठवड्यातून एकदा पॅक्लिटॅक्सेल आणि कार्बोप्लॅटिन, असे पाच आठवडे, आणि सोबत २३ वेळा मिळून ४१.४ ग्रे शेक. २०१२ साली छापून आलेल्या त्या चाचणीत असा उपचार घेऊन ऑपरेशन झालेल्या स्क्वॅमसच्या रुग्णांपैकी ४९ टक्क्यांच्या काढलेल्या अन्ननलिकेत कॅन्सरची एकही जिवंत पेशी उरली नव्हती. शेकाची वरची आणि खालची हद्द आखताना पेटचा पुन्हा उपयोग झाला. सीटीवर गाठ कुठे संपते ते धूसर होतं, पेटवर कड नेमकी होती. आणि टीबीच्या ग्रंथी शेकाच्या आराखड्यातून वगळता आल्या. स्टेजिंग चुकलं असतं तर फुप्फुसाचा केवढा तरी भाग विनाकारण शेकला गेला असता.

शेक संपल्यावर आठ आठवड्यांनी पुन्हा पेट. त्याआधी केला तर शेकाने सुजलेली अन्ननलिकाच उजळते आणि काही कळत नाही. मूळ गाठीचं एसयूव्ही १६.२ वरून ४.१ वर, शेजारची ग्रंथी दिसेनाशी. टीबीच्या ग्रंथीही निवल्या होत्या, अर्थात त्याचं श्रेय टीबीच्या औषधांना. यकृत, हाडं, फुप्फुसं, सगळं स्वच्छ. या टप्प्यावरच्या पेटचं मुख्य काम हेच: उपचार चालू असताना कॅन्सर दुसरीकडे उगवला का ते बघणं.

उरलेला ४.१ कॅन्सर की सूज, हे पेट सांगू शकत नाही. नेदरलँड्समध्येच झालेल्या प्रीसॅनो अभ्यासात दिसलं होतं की साध्या बायोप्सीने शिल्लक राहिलेले ३१ टक्के मोठे कॅन्सर निसटतात. त्याच जागी खोलवर दुसरा तुकडा घेतला आणि ग्रंथींत सुई घातली तर निसटण्याचं प्रमाण १० टक्क्यांवर येतं. म्हणून ऑपरेशन टाळून नुसतं लक्ष ठेवण्याची वाट अशाच केंद्रांनी धरावी जिथे या तपासण्या ठरल्या वेळी होतात आणि रुग्ण त्या प्रत्येक वेळी येऊ शकतो. सोलापूरच्या गावातून दर तीन महिन्यांनी मजुरी बुडवून येणं या घराला जमणारं नव्हतं. त्यांनी ऑपरेशन निवडलं.

छातीत दुर्बिणीने अन्ननलिका सोडवली, पोटातून जठराची नळी केली आणि मानेत जोड दिला. महाधमनीपासून गाठ सहज सुटली. पालथ्या सीटीवर जी फट दिसली होती, तिथूनच.

पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आला तो असा: थोडा कॅन्सर शिल्लक, स्नायूंच्या थरापर्यंत. २४ ग्रंथी तपासल्या. अन्ननलिकेशेजारच्या संशयित ग्रंथीत आता फक्त व्रण. चार ग्रंथींत भरून आलेल्या ग्रॅन्युलोमा. आणि जठराच्या डाव्या धमनीजवळच्या ४ मिलिमीटरच्या एका ग्रंथीत दोन मिलिमीटरचा कॅन्सर. ही ग्रंथी मी दोन्ही पेटमध्ये आणि सीटीमध्ये पुन्हा शोधली. जागा सापडते, ग्रंथीही दिसते. पण तिच्या आकारात, रंगात, एसयूव्हीत संशय घ्यावा असं काहीही नाही. इतका लहान साठा आजच्या कॅमेऱ्याच्या टप्प्यात येत नाही. छातीच्या मध्यावरच्या गाठीसाठीही सर्जन जठराजवळच्या ग्रंथी काढतात ते याचसाठी. आमचा रिपोर्ट निर्दोष होता म्हणून त्या सोडल्या असत्या तर कॅन्सर आत राहिला असता.

शिल्लक कॅन्सर सापडल्यावर वर्षभर निव्होलुमॅब देण्याचा पर्याय असतो. चेकमेट ५७७ चाचणीत त्याने आजार परत येण्याचा काळ लांबला. पण प्रतिकारशक्तीचा लगाम सैल करणारी ही औषधं टीबी भडकवू शकतात, आणि इथे टीबीचा उपचार नुकताच पुरा होत आला होता. खर्चही घराच्या आवाक्याबाहेरचा. बोर्डाने टीबीचा कोर्स संपेपर्यंत थांबून बारकाईने पाहत राहायचं ठरवलं आणि कारणं कागदावर लिहिली.

ऑपरेशननंतर सहा महिन्यांच्या सीटीत जठराची नळी मोकळी आहे, यकृत-फुप्फुसं स्वच्छ आहेत. छातीतल्या ग्रंथी आक्रसून त्यांत चुना भरला आहे. या वेळच्या चिठ्ठीवर टीबीचा इतिहास मोठ्या अक्षरात लिहिलेला होता. तरीही रिपोर्टमध्ये मी प्रत्येक ग्रंथीची जागा आणि माप वेगळं नोंदवलं आहे, म्हणजे पुढच्या स्कॅनमध्ये त्यांतली एखादी वाढली तर 'जुना टीबी' म्हणून ती कुणी सोडून देणार नाही. पुढचा सीटी आणखी सहा महिन्यांनी. दिवसातून सहा वेळा थोडं थोडं जेवतात, भाकरीही जाते. मशेरी त्यांनी सोडली आहे, आणि सुनेनेही.